रिकाम्या खोलीतली मोजणी

घरात मला पोलीस म्हणतात. म्हणोत बापडे. गॅमा कॅमेऱ्याची, म्हणजे पेशंटला टोचलेल्या किरणोत्सारी औषधावरून आतलं चित्र काढणाऱ्या यंत्राची, रोजची तपासणी करणाऱ्या बाईने भाबडं असून चालत नाही.

पहिला पेशंट घेण्याआधी मी कॅमेऱ्याला रिकामी खोली दाखवते. रिकाम्या खोलीत किरणोत्सर्ग जवळजवळ नसायला हवा. आज पडद्यावरचा आकडा चांगलाच फुगला होता. मनात पाल चुकचुकली आणि नजर थेट मास्तरांकडे गेली.

मास्तर म्हणजे आमचे टेक्निशियन. मागच्या महिन्यात त्यांच्या हातून किरणोत्सारी औषध सांडलं आणि त्यांनी ते गुपचूप पुसून टाकलं. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं डॉक्टरांनी त्यांना सुनावलं होतं.

"काय सांडलंत?"

"काही नाही हो मॅडम. मुलांची शपथ."

शपथा घेणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही. त्यांचे बूट, ॲप्रन, बाह्या, सगळ्यांवरून मीटर फिरवला. फरशीही सोडली नाही. सगळं स्वच्छ. बिचारे तोंड पाडून उभे होते, तरी मला वाटत होतं, इथे पाणी मुरतंय. त्यांना खोलीबाहेर काढलं. आकडा तसाच.

मग कॅमेऱ्याचं डोकं एकेका भिंतीकडे वळवत गेले. तपासणीसाठी पुढची शिशाची जाळी काढलेली असते, तेव्हा त्याला पातळ भिंतीपलीकडचंही कळतं. दाराशेजारच्या भिंतीकडे वळवताच आकडा उसळला. पलीकडे फक्त अपॉइंटमेंटचं टेबल, आणि तिथे बसते माझी सख्खी ताई.

म्हणजे मास्तरांनी तिच्या टेबलाखाली काहीतरी लपवलंय! मीटर घेऊन मी तरातरा बाहेर गेले, टेबलाखाली वाकले. काही नाही. उठताना मीटर ताईच्या कमरेजवळून गेला आणि कडकड वाजू लागला.

"बंद कर ते," ती हळूच म्हणाली.

"काल तू लग्नाला गेली होतीस ना?"

"दुसऱ्या हॉस्पिटलात गेले होते. हाडांच्या स्कॅनला. तिथलं इंजेक्शन अजून अंगात आहे."

मला रागच आला. "अगं, इथे घरचं मशीन असताना?"

"इथे चित्र सगळ्यात आधी तू पाहिलं असतंस. तेच नको होतं मला."

मास्तर दारात घुटमळत होते. "मॅडम, माझं काय?"

"तुमचा काही दोष नाही. माझंच चुकलं."

ते गेले. ताई माझ्याकडे बघत राहिली.

"विचार की आता, स्कॅनमध्ये काय निघालं ते," ती म्हणाली. "सगळ्यांना विचारतेस."

मी मीटर बंद केला.