उतरताना कोणी मोजत नाही

मी एक पापुद्रा बोलतोय. खरं तर पापुद्रा होतो.

मी दोनच थरांचा. थर म्हणजे अणूंची एक चादर. भट्टीत वाढलेल्या स्फटिकाला चिकटपट्टी लावून पदवीसाठी संशोधन करणाऱ्या एका मुलीने मला सोलून काढलं. तेही हवाबंद काचपेटीत, रबरी हातमोज्यांतून. कारण दमट हवा म्हणजे माझा काळ. चाळीस पापुद्रे वाया गेले, तेव्हा मी एकटा धड निघालो. यंत्रशाळेतले मामा म्हणाले होते, एवढं तर सोनारही जपत नाही.

माझा प्रत्येक थर चुंबक आहे. पण दोघांचं आपसात पटत नाही. एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला मी चुंबक वाटतच नाही. मुलीच्या सरांनी जगाला सांगून ठेवलं होतं, की याला दाबलं की दोन्ही तोंडं एका दिशेला होतात आणि सोडलं की पुन्हा उलट. दाबलं की चालू, सोडलं की बंद. या एका वाक्यावर त्यांची सगळी प्रयोगशाळा उभी होती.

तिथली एक रीत होती. दाब दोन हिऱ्यांच्या चिमटीत द्यायचा आणि तो चढवताना पायरीपायरीने मोजायचं. उतरवताना हिरा तडकायची भीती, म्हणून वरच्या टोकाला मोजणी थांबवायची आणि गाशा गुंडाळायचा. सरांच्या आलेखातली उतरतीची रेघ चढतीवरूनच गिरवलेली होती. यात लबाडी आहे असं तिथे कोणालाच वाटत नव्हतं.

मला दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, तेलाच्या थेंबात ठेवलं. गोठवलं. मामांनी स्क्रू आवळले. थर जवळ आले, आणि वरचा खालच्यावरून सरकला. किती, तर एका अणूच्या रुंदीइतकाही नाही. तेवढ्याने दोघांची तोंडं एक झाली. माझ्यावरून परतलेल्या प्रकाशात मुलीला ते दिसलं आणि ती खुदकन हसली.

मग तिने उतरतानाही मोजलं. सरांना खरीखुरी रेघ द्यावी, एवढंच तिच्या मनात होतं.

मी परतलो नाही. दाब शून्यावर आला, तरी सरकलो तो सरकलोच. तिने तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तिने सरांना बोलावून आणलं.

सर म्हणाले, दाब पुरता उतरलाच नसेल. तिने शेजारचा माणकाचा कण दाखवला. दाब त्याच्या उजेडावरून कळतो, आणि तो शून्य सांगत होता. तेव्हा सरांनी बघू म्हणत हिरे उघड्या टेबलावरच सोडवले आणि तेल टिपून घेतलं. हवा माझ्यावर तुटून पडली.

"कडा विरल्यात याच्या. नमुना सदोष होता, तसं लिही."

"सर, हवा आत्ता लागली."

"मग पुन्हा करून दाखव."

कशावर करणार? तिच्या पदवीच्या कागदावर सही त्यांचीच व्हायची होती. सर गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "पोरी, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" तिने वहीत लिहिलं : नमुना सदोष.

पुढे तिला पदवी मिळाली. सर निवृत्त झाले. आता ती स्वतःच ती खोली चालवते आणि तिला जाब विचारणारं कोणी नाही. परवा एका नव्या विद्यार्थिनीने हिरे धुवायला काढले. जुन्या वहीतली माझी नोंद तिने वाचली होती. तिने सहज विचारलं, "ताई, दाब काढल्यावर हा पापुद्रा परत फिरला होता का?"

तिने हिरा उचलून उजेडात धरला. मला वाटलं, आता सांगेल.

"हवा लागली होती गं त्याला," ती म्हणाली.

मी आता हिऱ्याच्या टोकावरचा पिवळट डाग आहे. विद्यार्थिनीने स्पिरिटमध्ये बोळा बुडवलाय. पुसू दे; माझ्यात वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण माझा एखादा भाऊबंद तुमच्या हाती आलाच, तर दाब काढून त्याला एकदा विचारा. आणि तो जे सांगेल, ते त्याच दिवशी लिहा.