चिखलखाणीची पाटी

थोरल्या बाईंनी शाळेत पाटी धरली ती जेमतेम तीन वर्षं. वखारीत मात्र दगडी पाट्या हाताळून त्यांना चाळीस वर्षं झाली होती. त्यामुळे दगडातलं कुणी शिकवायला आलं, की त्या आधी त्याच्या तळहाताकडे बघायच्या. तळहात मऊ दिसला की पुढचं सगळं बोलणं या कानानं आत आणि त्या कानानं बाहेर.

त्या सकाळी आलेल्या तपासनिसाचा तळहात लोण्यासारखा होता.

नव्या शाळेच्या छपरासाठी पाट्या पेट्यांत भरून तयार होत्या. तिकडे गवंडी वाट बघत बसले होते. तपासनिसानं शिक्का मारला, की गाडी निघायची. त्यानं पहिल्या पेटीवरची चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"बाई, इथं 'चिखलखाण' लिहिलंय."

"खाणीचं नाव आहे ते. माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं."

"म्हणजे हा चिखलाचा दगड. शेल. चार वर्षं पाणी प्यायला, की भुगा होतो याचा. कागदात स्लेट मागितलीय. पोरांच्या डोक्यावर मी हे चढवू देणार नाही. माल परत, असं लिहितो."

चिठ्ठ्या सुनेनं लिहिल्या होत्या. 'खाली स्लेट असं लिहू का, आई?' हेही तिनं परवाच विचारलं होतं, आणि बाईंनी तिला फटकारलं होतं, "डोळे असणाऱ्याला लिहून द्यावं लागत नाही. सांगितलं तेवढं लिही." आता सून म्हणू शकली असती, की मी सांगत होते. ती दुसऱ्या पेटीवरची चिठ्ठी सरळ करत राहिली. बाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

सासऱ्यांच्या वेळेपासून या वखारीची एकही पाटी कधी परत आली नव्हती. आज पेट्या परतल्या, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात आपली वखार 'चिखलवाली' होणार, हे बाईंना दिसत होतं. आणि त्याला आपलीच जीभ कारण.

"लेखणी खिशात ठेवा जरा," त्या म्हणाल्या. "आधी घर बघा, मग पोरीला नावं ठेवा."

डाव्या भिंतीला चार फळ्या होत्या, प्रत्येकीवर एकेका जातीचा दगड मांडलेला. बाई पहिलीसमोर उभ्या राहिल्या. "हा चिखलच होता, मी कुठं नाही म्हणते? खोल गाडला गेला. वरून डोंगराचं ओझं, बाजूनं रेटा, खालून धग. वितळला मात्र नाही, वितळला असता तर जातच बदलली असती. आहे त्या जागी घट्ट झाला आणि पानापानांनी सुटायला शिकला. दुसऱ्या फळीवर तोच, पण जास्त तापलेला. हात फिरवा, रेशीम लागेल. तिसऱ्यावर आणखी सोसलेला. अभ्रक नुसत्या डोळ्यांना चमचमतंय. आणि हा चौथा पट्टेवाला. याचं इतकं झालं, की आतला काळा आणि पांढरा वेगळे राहायला लागले."

तपासनीस आपली छोटी वही चाळत चौघांची नावं पुटपुटला, "स्लेट, फिलाइट, शिस्ट, नाइस. हे क्रमानं कुणी लावलं?"

"कुणी म्हणजे? मी. पुस्तकानं माझ्याकडे बघून लावलं असेल."

मग त्यांनी समोरची भिंत दाखवली. "त्या बाजूला बिनपापुद्र्याचे. चुनखडीचा झालेला संगमरवर, लिंबाचा थेंब पडला की त्याची चकाकी जाते. शेजारी वाळूच्या दगडाचा झालेला. सूनबाई त्याला क्वार्टझाइट म्हणते, मी अडेल म्हणते. सुरीचा ओरखडा उठत नाही मेल्यावर."

"मांडणी चोख आहे," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "पण पेटीतला माल पहिल्या फळीवरचाच आहे, अजून कच्चा चिखल नाही, हे कशावरून?"

बाईंनी पेटीतली पाटी दोन बोटांत लोंबती धरली आणि वर टिचकी मारली. टण्ण. "चिखलाचा दगड भद्द बोलतो."

"कानावर शिक्का मारता येत नाही, बाई. डोळ्यांना दिसेल असं दाखवा. नाहीतर प्रयोगशाळेत पाठवतो. महिना जाईल."

बाईंनी हातातली पाटी उलटसुलट केली. चाळीस वर्षं ऐकलं होतं, चाचपलं होतं. दाखवा असं म्हणायची हिंमत कुणी केली नव्हती.

तेवढ्यात सून शेडमागच्या बाद ढिगाकडे गेली आणि एक जाड ठोकळा उचलून घेऊन आली. करड्या दगडात फिकट हिरवी रेघ, कडेला तिरकी उतरलेली. अशा दगडाला बाई तिरळा म्हणायच्या आणि शोभा जाते म्हणून फेकायच्या.

"हा तिरळा कशाला आणलास पाहुण्यापुढे?"

"आई, हा फोडा."

"बाद आहे तो."

"फोडा ना तुम्ही."

अकरा वर्षांत सुनेनं पहिल्यांदाच हुकूम सोडला होता. बाई मुकाट्यानं बसल्या, रुंद छिन्नी कडेवर टेकवली आणि तीन हलके ठोके घातले. ठोकळा दोन सपाट पानांत सुटला.

सुनेनं दोन्ही पानं कडेला कड लावून धरली. "ही रेघ म्हणजे चिखलाचा जुना थर. साचला तसा. शेल असता, तर या रेघेनंच फुटला असता, त्याला दुसरी वाट ठाऊक नसते. हा रेघेला आडवा कापून गेला. नंतर बाजूनं रेटा आला, त्यानं आतले कण नव्या ओळींत बसवले, आणि आता दगड त्या ओळींचं ऐकतो. पेटीतली कुठलीही पाटी काढा, कडेला भिंग लावा. पुसट असेल, पण रेघ तिरकीच असेल."

तपासनिसानं तीन वेगवेगळ्या पेट्यांतल्या पाट्या काढल्या. उजेडात नेऊन, भिंग डोळ्याला लावून, प्रत्येक कड सावकाश बघितली. मग शिक्का काढला आणि पेटीमागून पेटीवर मारत गेला.

"फक्त ते 'चिखलखाण' खोडा," जाताना तो म्हणाला. "उगाच घोटाळा होतो."

"खोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "सूनबाई, खाली स्लेट लिही. आई कोण तेही असू दे, लेक कशी निघाली तेही असू दे. आणि अक्षर मोठं काढ, मुंग्यांसारखं नको."

गाडी गेल्यावर बाईंनी विचारलं, "हे शिकलीस कधी?"

"तुम्ही रोज फेकायचात. मला वाटायचं, रेघ तिरकी का. मग पुस्तकात शोधलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगायला गेले, की तुम्ही माझ्या तळहाताकडे बघायचात."

बाईंनी आताही बघितलं. घट्टे चांगले जाड झाले होते; कधी झाले, ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अकरा वर्षं काही कमी दाबलं नाही मी तुला."

"नाही, आई. कमी नाही."

"वाजतेस मात्र टण्ण."

त्यांनी तिरळ्या ठोकळ्याची दोन्ही पानं पदरानं पुसली आणि पहिल्या फळीवर, दारातून थेट नजर पडेल अशी उभी केली. दुपारी एक गिऱ्हाईक आलं आणि बोट दाखवून म्हणालं, "ही रेघवाली कशी दिली?"

"ती विकायची नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या सुनेची आहे."