बासष्ट टक्क्यांची गल्ली

"पृथ्वी वाचणार असेल, तर ती आपल्या गल्लीपासूनच वाचेल!" असं खो बो-रुईनं गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर उभं राहून जाहीर केलं. जाहीर करण्याच्या नादात कचऱ्याची गाडी पियानोची धून वाजवत पुढं निघून गेली, आणि पृथ्वीचा तारणहार एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन तिच्यामागं धावत सुटला.

आमच्या थाइनान शहरात कचरा जमिनीवर ठेवायचा नाही. धून ऐकू आली की पिशवी घेऊन स्वतः हजर व्हायचं आणि स्वतःच्या हातानं गाडीत टाकायची. त्यामुळं लग्नाला तासभर उशिरा येणारी माणसंही कचऱ्याला पाच मिनिटं आधी येऊन उभी असतात.

बो-रुई शाश्वत पर्यावरण या विषयाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. विषय नेमका काय, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज. त्यांना कुणी विचारलंच तर ते म्हणत, "चार वर्षं कचरा शिकतोय. आम्ही न शिकताच करत आलो."

शेवटच्या परीक्षेऐवजी कॉलेजनं प्रत्येकाला एकेक गल्ली वाटून दिली होती. आठ आठवड्यांत तिचा कचरा तीस टक्क्यांनी कमी करायचा, नाहीतर वर्ष पुन्हा. आणि वडिलांनी बजावलं होतं, "पाचवं वर्ष नाही. नापास झालास की पाना हातात घ्यायचा." ही धमकी बो-रुईइतकीच आम्हालाही होती. त्यानं एकदा पोस्टमनचा ब्रेक दुरुस्त केला होता. तेव्हापासून पोस्टमन चालत येतो.

रोज संध्याकाळी तो थांब्यावर लटकता काटा घेऊन उभा राही आणि प्रत्येकाची पिशवी तोलून वहीत आकडा लिही. नूडल्स आणायला घरचा डबा न्या, सरबत प्यायला नळी मागू नका, भाजीला पिशवी न्या, असं सांगे. आम्ही माना डोलवायचो. मान डोलवण्यानं कचरा अजिबात होत नाही. दोन आठवड्यांनी हिशेब निघाला, तो असा की कचरा दोन टक्के वाढला होता. ती वाढ म्हणजे त्यानं वाटलेली माहितीपत्रकं.

तेव्हा शाओ-मावशीनं मनावर घेतलं. तिचं नाश्त्याचं दुकान, आणि गल्लीत कुणी उपाशी दिसलं की तिला तो स्वतःचा अपमान वाटतो.

"मास्तर, पोरगं बघितलंत? काल अंड्याची पोळी अर्धी टाकली त्यानं. अर्धी! माझ्या हातची!"

"काळजी लागलीय त्याला," मी म्हणालो. "कचरा कमी होत नाही."

"मग करू या की कमी. मागच्या देवळाच्या गल्लीत गाडी आपल्यानंतर वीस मिनिटांनी येते. आपल्या पिशव्या तिकडं न्यायच्या."

"अहो, पण पृथ्वी..."

"पृथ्वी तिकडं नाही का?"

दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली दिवेलागणीला फिरायला जाऊ लागली. कुणी स्कूटरवर पायापाशी पिशवी ठेवून, कुणी बाबागाडीत घालून; त्या बाबागाडीतलं बाळ कधीच मोठं होऊन सैन्यात गेलं होतं. मी कायद्याला भिणारा माणूस. मी फक्त दोनच पिशव्या नेल्या. रोज. संशय नको म्हणून एखादी केळ्याची साल मात्र प्रत्येकजण बो-रुईसमोर तोलून घ्यायचा.

सातव्या आठवड्याअखेर कचरा बासष्ट टक्के घटला. बो-रुई अख्खी पोळी खाऊ लागला. "लोकांना समजावलं की लोक बदलतात," असं तो वडिलांना समजावू लागला. वडील आदल्याच दिवशी चार जुनी टायरं देवळामागं टाकून आले होते. ते म्हणाले, "बदलतात बाबा."

मग एके संध्याकाळी एक मुलगी दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या घेऊन गल्लीत शिरली. यून-शी, बो-रुईच्याच वर्गातली. देवळाची गल्ली तिच्या वाट्याला आली होती.

"हे तुमचं," ती पिशवी उघडून म्हणाली. "नाश्त्याचे कागद. शाओ-मावशींचं नाव छापलंय. माझ्या गल्लीचा कचरा दुप्पट झालाय, बो-रुई! गल्लीतल्या आजी-आजोबांना मी महिनाभर ओरडतेय. ते बिचारे आता फळंसुद्धा सालीसकट खातात!"

बो-रुईनं आमच्याकडं पाहिलं. गल्लीतल्या सगळ्यांना एकाच वेळी आभाळ पाहावंसं वाटलं.

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा काय? माझीच कल्पना!" शाओ-मावशी म्हणाली. "तू गॅरेजात गेला असतास तर माणसं मेली असती रे."

"गप्प बसलं तर?" वडिलांनी हळूच विचारलं. "उद्या मॅडम येऊन सही करणार. मग झालं."

"आणि यून-शी नापास होणार," बो-रुई म्हणाला. "बाबा, पाना काढून ठेवा."

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक फांग-मॅडम आल्या. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात दूध-चहाचा प्लास्टिकचा पेला. बो-रुईनं सगळ्या गल्लीदेखत सगळं सांगितलं. कुणी रोज किती पिशव्या तिकडं नेल्या, तेही आम्ही एकेक करून कबूल केलं. मॅडमनी दोन्ही गल्ल्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या आणि तिथंच बेरीज केली.

"यून-शी, या लोकांच्या पिशव्या वजा केल्या तर तुझ्या गल्लीचा कचरा एकतीस टक्के घटलाय. तू पहिली."

सालीच्या कामगिरीबद्दल कुणीतरी टाळी वाजवली.

"आणि बो-रुई, तुझ्या गल्लीचा तीन टक्के वाढलाय. पिशव्या लपवायला लोकांनी जादा पिशव्या वापरल्या." मॅडमनी चष्मा काढला. "पण आपला कचरा शेजारी ढकलायचा आणि आकडा मिरवायचा, यावर मी वीस वर्षं शिकवतेय. मोठमोठ्या देशांची उदाहरणं देते. एकाही देशानं अजून कबुली दिलेली नाही. हे जसंच्या तसं लिहून काढ. यून-शीच्या गल्लीत आठ आठवडे तिच्या हाताखाली काम कर. काठावर पास."

वडिलांनी पाना खाली ठेवला. शाओ-मावशी डोळे पुसत पोळी भाजायला धावली. बो-रुईला काहीतरी मोठं बोलायचं होतं हे दिसत होतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, मी शपथ घेतो, की आजपासून..."

मॅडम मात्र मघापासून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी शोधत होत्या. आमच्या शहरात रस्त्यावर कचऱ्याचा डबा सापडणं म्हणजे नवसाचं काम.

"हो हो, घे शपथ," त्या पेला पुढं करत म्हणाल्या. "तोवर गाडी येईपर्यंत एवढं जरा धरशील?"