रेशमाच्या घरात रडायचं नाय

रईसाचं वागणं अमिनाबीला काही पटत नव्हतं. पिशोरहून सून म्हणून आली तेव्हा पोरगी वाऱ्यासारखा रहाट फिरवायची, आणि आता रेशमाच्या चार कांड्या भरल्या की छातीवर हात ठेवून बसायची. धडधडतं म्हणे. विशी उलटली नाही अजून, आणि धडधडतं. अमिनाबीनं या हिमरूचं कापड विणणाऱ्या घरात उभा जन्म रेशीम उकललं. तिच्या काळजाची तक्रार कधी कुणाच्या कानावर गेली नव्हती.

दुपारी बेगमपुऱ्यावर ऊन सायीसारखं पसरलं, की रहाटाची घरघर घरभर तरंगायची. पलीकडून लेकाच्या, इलियासच्या, मागाचा ठेका यायचा. दोन्हींच्या मधे अमिनाबीचे डोळे जड व्हायचे आणि वाटायचं, आपण पांढऱ्या रेशमाच्या पाण्यावर पडलोय, पाणी आपल्याला कुठंतरी नेतंय. मग रहाट थांबायचा. दोन श्वास. पुन्हा सुरू. तेवढ्यात तिची झोप मोडायची आणि राग मस्तकात जायचा.

तीन महिन्यांपूर्वी रईसाचं तान्हं गेलं होतं, सहा दिवसांचं. तेव्हाच अमिनाबीनं घरचा रिवाज सांगितला होता: रेशमाच्या घरात रडायचं नाय, आसवाचा डाग निघत नाय. पोरगी ऐकणारी. चाळीस दिवस झाले आणि कोरड्या डोळ्यांनी रहाटाला बसली.

शेवटी इलियासनं हकीमसाहेबांना बोलावलं. अमिनाबीनं आधीच बजावलं, हकिमाला काही सापडलं नाही तर शुक्रवारी गाडी जुंपायची आणि ही नाजूक कळी बापाच्या दारात उतरवून यायची.  रईसा नुसती छाती दाबून उभी राहिली.

हकीम पडद्यापलीकडे बसले. बाईनं फटीतून हात बाहेर द्यायचा, त्यांनी नाडी बघायची. अमिनाबीला वाटलं, हे लोक हात दिसला की आजार सांगतात. एकदा परीक्षाच होऊन जाऊ दे. तिनं सुनेला मागं सारलं आणि बांगड्या वर चढवून आपलाच हात बाहेर केला. या ठणठणीत नाडीला रोग चिकटवला, तर हकीम खोटा.

बोटं टेकली. पडदा हळूच फुगला, पुन्हा बसला. अमिनाबीला वाटलं, आपल्या मनगटातून कुणी एक धागा उकलतंय, मागं मागं नेतंय.

"हा हात पोरीचा नव्हं," हकीम सावकाश म्हणाले. "हितं लई जुना रंज, लई जुनं दुःख, गाठ मारून ठिवलाय. ठोका त्याच्यापाशी आला की अडखळतो. आता पोरीचा हात द्या."

धाग्याच्या टोकाला एक नाव होतं: राहत. अमिनाबीची पहिली लेक, तीन महिन्यांची असताना गेलेली. तेव्हा तिच्या सासूनं तिच्या हातात रेशमाची केशरी लड ठेवली होती आणि रडायचं नाय, हेच सांगितलं होतं. त्यानंतर कैक वर्षं काळीज पाखरासारखं फडफडायचं. वारा धरला असंल म्हणून ती ओवा चघळायची.

रईसाची नाडी बघून हकीम म्हणाले, गाठ तीच, पण ओली आहे, अजून सुटेल. दिल धड आहे. पण दुःख असंच दाबून ठेवलं तर कोवळ्या वयात थकेल. दिलाला ताकद देणारं गोड चाटण, खमीरा, दिला, आणि रडण्यावाचून त्याचा गुण यायचा नाही, असंही सांगून गेले.

रईसा गाडीचं ऐकायला मान खाली घालून उभी होती. अमिनाबीनं रहाटावरची पांढरी लड काढली आणि तिला खाली बसवून तिच्या मांडीवर ठेवली.

"कामचुकार नाहीस तू, बिनडोक हायेस. सासू म्हणाली रडू नको, आन् तू ऐकलंस? मीबी ऐकलं होतं माझ्या सासूचं, बघ काय झालं. पिशोर-बिशोर काय नाय. हितं बस माझ्यापुढं आन् रड. पडू दे डाग. त्या लडीचा हिमरू मी बाजारात देणार नाय, माझ्या अंगावर पांघरीन."