धुरपदाबाईंचे राहिलेले उत्तर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, धुळ्याचा. माझ्या चामडी पिशवीच्या खिशात एक पत्र होते. ते चौदा वर्षांपूर्वी आले आणि त्याला उत्तर गेले नाही. मित्रांनो, मला स्वतःचे बोलणे फारसे जमत नाही. जन्मभर मी दुसऱ्याचेच बोललो. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझे मालक मौलवी अय्यूब पिंजारी. आधी मदरशात अरबी शिकवली, नंतर कॉलेजात फारसी. जळगावच्या रेडिओने त्यांना रमजानात सकाळी पाच मिनिटे बोलायला बोलावले, तेव्हा त्यांनी मला विकत घेतले. ते मराठीतून बोलत. त्यांच्यातलेच काही जण यावर नाक मुरडत. मौलवीसाहेब म्हणत, शेजाऱ्याला कळणार नसेल तर मी रेडिओवर जाऊ तरी कशाला?

माणूस विद्वान, पण फार बुजरा. चार लोकांत त्यांना शब्द सापडत नसत. म्हणून भाषण आधी घरी माझ्यासमोर करायचे, मांडीवर घड्याळ ठेवून. पाच मिनिटांच्या पुढे गेले की एखादे वाक्य खोडायचे आणि पुन्हा बोलायचे. त्यांच्या पत्नी खैरूनबी स्वयंपाकघरातून म्हणत, "त्या डबासंगे इतलं बोलतस, मन्हासंगे दोन शब्द नहीत." एस.टी.त मात्र लोक आवाजावरून त्यांना ओळखत आणि जागा देत. मला त्याचा अभिमान वाटे.

एकदा विषय होता की कबरीपाशी काही मागू नये, मागायचे ते अल्लाहकडे. भाषण बारा सेकंद लांबले. मौलवीसाहेबांनी एक वाक्य काढले. ते माझ्या कॅसेटवर राहिले, रेडिओवर गेले नाही.

पंधरा दिवसांनी धरणगाव तालुक्यातून पत्र आले. धुरपदाबाई पाटील यांनी ते सुनेकडून लिहून घेतले होते. त्यांच्या कापसाच्या वावरात एका पीरबाबाची कबर होती. कोणाची, ते गावात कोणालाच ठाऊक नव्हते. घरात आलेली प्रत्येक सून दर गुरुवारी ती झाडून तिथे दिवा लावायची. आता मुलगा नवल म्हणत होता, खुद्द मौलवीच सांगतात तिथे काही नाही, मग ती चार हात जागा नांगरून टाकू. शेवटी सुनेने सासूचे बोलणे जसेच्या तसे उतरवले होते. "भाऊ, मी तठे काही मांगत नही. आमना वावरमा कोनी झोपेल शे, म्हनीसन झाडस. चुकस का मी? पेरनीना पहिले सांगा."

मौलवीसाहेबांनी ते पत्र तीनदा वाचले. बाईंना हवे होते ते नेमके त्यांनी काढलेले वाक्य होते. खुलासा करू द्या, असे सांगायला ते जळगावला गेले आणि रेडिओच्या फाटकावरूनच परतले. चुकलो असे कसे सांगायचे? एका कबरीच्या बाजूने बोललो तर आपले लोक काय म्हणतील? घरी उत्तर लिहायला बसत, दोन ओळी लिहून कागद फाडत. तेवढ्यात पेरणी होऊन गेली. मग उशीर झाला म्हणून लिहिले नाही. पत्र माझ्या पिशवीत गेले. पुढे कॅसेटी बंद झाल्या आणि मी माळ्यावर गेलो. माझा रबरी पट्टा वितळला, पिशवीचा बंद उंदरांनी खाल्ला. तक्रार करीत नाही, पण तिथे फार एकटे वाटायचे.

या उन्हाळ्यात खैरूनबींनी मला भंगारात द्यायला खाली काढले. पिशवी झटकली आणि पत्र पडले. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचले.

"बाईनं पेरनीना पहिले सांगा म्हनेल व्हतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मौलवीसाहेब खाली बघत म्हणाले, आता ती कबर तरी असेल का? बाई तरी असतील का?

"नसू दे. तरी लिखा."

दुसऱ्या दिवशी मौलवीसाहेबांनी मला पाचकंदील चौकाजवळ, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या नवीनच्या दुकानात नेले. नवीन हसला. "मौलवीसाहेब, आता हे कोण ऐकतं? मोबाइलवर पाठवून द्या." पत्रात नंबर नाही, ते म्हणाले. नवीनने मग नवा पट्टा बसवला.

घरी आल्यावर त्यांनी त्या भाषणाची कॅसेट लावली. खरखरीतून त्यांचाच चौदा वर्षांपूर्वीचा आवाज आला. "पण कबरीवर पाय देऊ नका, ती झाडून ठेवा, तिथे झोपलेल्यासाठी दुआ करा, कारण तो कोणाचा का असेना, आता तो तुमच्या वावराचा पाहुणा आहे." मौलवीसाहेबांनी बटण दाबून मला थांबवले. त्यांचा हात बराच वेळ माझ्यावर होता.

मग त्यांनी लिहिले आणि या वेळी फाडले नाही. "धुरपदाबाई, तुम्ही चुकला नव्हता. हे वाक्य मी वेळेसाठी काढले आणि नंतर भीतीपोटी दडवले. कबर असेल तर झाडत राहा. नसेल तर नवलभाऊंना दोष देऊ नका, मला द्या."

बाईंना वाचता येत नाही, हे त्यांच्या लक्षात होते. म्हणून त्यांनी कॅसेट माझ्यात ठेवली, चार नवे सेल घातले, पत्र वर ठेवले आणि मलाच खोक्यात बांधले.

मित्रांनो, कोणाचे बोलणे तुमच्याकडे आले तर ते माळ्यावर टाकू नका. आणि हे खोके जो कोणी उघडेल त्याला एवढीच विनंती, बटण हळू दाबा. फीत फार जुनी आहे, एकदा वाजली तरी पुष्कळ झाले.

पोस्टातल्या बाईंनी विचारले, आत काय आहे? मौलवीसाहेब नेहमीसारखे अडखळले. मग म्हणाले, "एका पत्राचं उत्तर आहे."

बाईंनी मला वजनकाट्यावर ठेवले, शिक्का मारला आणि धरणगावच्या थैलीत टाकले.