काल एकट्याच आलात

लग्नाला तीन वर्षं झाली तरी आमच्या ह्यांनी मला मदन महालाच्या टेकडीपलीकडे काही दाखवलं नव्हतं. म्हणून त्रेचाळीसच्या हिवाळ्यात ह्यांची रजा मंजूर झाली, तसा मी हट्टच धरला, की समुद्र बघायचा. हे म्हणजे नीलकंठराव, जबलपुरात तोफगोळे भरायच्या शेडमध्ये कामाला. लढाईच्या दिवसांत तिथल्या माणसाला आठ दिवस सुट्टी मिळणं म्हणजे देवच पावला म्हणायचा.

मुंबईहून शिडाच्या मचव्यानं रेवदंड्याला निघालो. वाटेत वारा पडला, मचवा दोन तास जागच्या जागी डुलत राहिला आणि मी सगळी शिदोरी समुद्राला अर्पण केली. "फिटली हौस?" हे विचारत होते.

दुपारी पोर्तुगीजांच्या जुन्या तटातून गावात शिरलो. नारळी-पोफळीच्या वाड्या, पडकी चर्चं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. अनसूयाबाई म्हणून एक बाई परगावच्यांना जेवू घालत, त्यांच्या ओसरीवर टेकलो. मला पाहून त्या म्हणाल्या, "परत आलात? बसा."

"आम्ही आत्ताच उतरलोय," मी म्हटलं.

"असं कसं? काल एकट्याच आलात की. जेवलाही नाहीत. यजमानांचं विचारलं तर म्हणालात, 'काहून विचारून राहिल्या?'" मग त्यांनी माझ्या कुंकवाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं आत गेल्या.

कोकणात 'काहून' कोण म्हणतं? ते आमच्याकडचं, माझ्या तोंडातलं.

हे हसले. "घाबरून काहून राहिली? बाईंना कमी दिसत असेल. अन् आपल्याकडे तर येणारा दिवसही कलच! काल म्हणजे उद्या समज, चलो."

ह्यांनी गंमत केली, पण मला हसू येईना. माझ्या सासूबाई खरंच 'काल जाऊ' म्हणायच्या आणि ते उद्याचं असायचं. हिंदी मुलखात राहून आमच्या घरातले दिवस असे एकमेकांत मिसळलेले.

दुसऱ्या दिवशी भरतीला मचवा सुटणार होता. तांडेल हाका मारू लागला, तशी मी तटाच्या पायरीवर बसले. "मी येत नाही."

"शैला, सोमवारी हजर व्हायचंय. लढाई चालू आहे, गैरहजर राहिलो तर तुरुंगात टाकतील."

"मग जा तुम्ही. मी इथं एकटी राहते. म्हणजे बाईंचं खरं होईल."

ह्यांचा एक पाय फळीवर होता. ह्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पाय मागे आला आणि मचवा आमच्याशिवाय गेला. पुढचा तीन दिवसांनी होता. ते तीन दिवस अनसूयाबाई जेवणाला आधी एकच पान मांडायच्या, मग आठवल्यासारखं करून दुसरं. माझ्याकडे मात्र बघायच्या नाहीत.

जबलपूरला उतरलो तर स्टेशनात ह्यांच्याच शेडमधला अच्युत दिसला. ह्यांना पाहून तो दोन पावलं मागे सरकला. त्यानंच सांगितलं, मंगळवारी स्फोटात शेड उडाली होती. ह्यांच्या जागेवर कांचघर मोहल्ल्यातल्या रामकृष्णाला बसवलं होतं.

रामकृष्णाची बायको कुंदा, जेमतेम वीस वर्षांची. आम्ही दोघं तिला भेटायला गेलो. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "वहिनी, भाऊजी कुठं होते त्या दिवशी?"

"मचवा चुकला आमचा," मी म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली.

खोटं बोलले मी. आणि पुन्हा तशी वेळ आली, तर कुंदाचा चेहरा डोळ्यांसमोर असतानाही मी ह्यांना जाऊ देणार नाही.