डाव्या बाजूचा पत्रा

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात अफरोजचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांच्या चेपलेल्या गाड्या सरळ करायचा आणि सवड मिळाली की तळहाताएवढ्या धातूच्या मॉडेल गाड्या चेपायचा. नव्याकोऱ्या गाडीचा रंग खरवडून, काच तडकवून, गंज चढवून तिची अशी दशा करायचा की फोटो बघणाऱ्याला वाटावं, ही आत्ताच पुलावरून खाली पडली. इंटरनेटवर त्या गाड्यांना मागणी होती. पण आठ महिन्यांपूर्वी सेनगावच्या रस्त्यावर एका काळीपिवळी जीपला ट्रकनं धडक दिली, त्यात त्याची अम्मी मदीनाबी गेली. तेव्हापासून त्यानं छोट्या गाड्यांना हात लावला नव्हता.

ती जीप हरिचंद चालवत होता. त्याला नुसतं कपाळावर खरचटलं. ट्रक चुकीच्या बाजूनं आला होता, म्हणून हरिचंदला कुणी बोल लावला नाही. उलट त्यानंच मदीनाबींना उचलून दवाखान्यात नेलं म्हणून अफरोजचे वडील फारुक रोज नमाजनंतर त्याच्यासाठी दुआ मागत.

एका दुपारी हरिचंद दुकानात आला. पार वाळून गेला होता. त्यानं खिशातून एक हिरवी छोटी जीप काढून पुढं धरली.

"अफरोजभाऊ, ही माझ्या गाडीवानी करून द्या."

"काळीपिवळी रंगवायची?"

"व्हय. आन मग त्या दिवशी झाली होती तशी करायची."

अफरोजनं हातातला पॉलिश पेपर बाजूला ठेवला. "डोकं ठिकानावर हाय का तुमचं? माझी माय गेली तिच्यात."

"म्हनूनच तुमच्याकडं आलो. तोंडानं सांगता येऊन न्हाई राहिलं."

अफरोज त्याला हाकलूनच देणार होता. पण अम्मीचा शेवट नेमका कसा झाला, हे त्याला आजवर कुणी धड सांगितलं नव्हतं. तो पोहोचला तोवर जीप रस्त्यावरून हलवली होती. त्यानं ती हिरवी गाडी ठेवून घेतली.

रंग वाळल्यावर हरिचंद पुन्हा आला आणि समोर स्टुलावर बसला. हा धातू ठिसूळ, हातोडी मारली की तुकडाच पडतो. म्हणून अफरोजनं गाडी खोलली, कानशीनं आतून घासघासून पत्रा पातळ केला आणि पक्कडीनं हळूहळू दाबायला सुरुवात केली.

"बोनट?"

"डावीकडून आत. आनखी."

"डावं दार?"

हरिचंदनं मान खाली घातली. "ते पार सीटपर्यंत गेलं होतं."

त्याच सीटवर मदीनाबी बसल्या होत्या. अफरोजनं दात आवळून पक्कड दाबली. दार कटकन मोडलं.

"आता उजवी बाजू सांगा."

"तिला काही करू नका. तिला काहीच झालं नव्हतं."

अफरोजनं गाडी हातात फिरवून बघितली. मार कुठं बसला यावरून धडक कशी झाली, हे डेंटिंगवाल्याला कळतं. ट्रक समोरून अंगावर आला तर ड्रायव्हर गाडी डावीकडं, रानात घालणार. मग मार बसलाच तर ड्रायव्हरच्या, म्हणजे उजव्या बाजूला बसणार. इथं सगळं उलटं होतं.

"तू स्टेअरिंग उजवीकडं मारलंस," तो म्हणाला. 'तुमी' कधी गळालं ते त्याला कळलंही नाही.

"व्हय. डावीकडं मोकळं रान होतं. पन तसं वळलो असतो तर ट्रक माझ्याच अंगावर आला असता. हात उजवीकडं गेले. सोताला वाचवायला गेले. पंचनाम्याच्या वक्ताला कुनी विचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई."

"निघ इथून."

हरिचंद उठला आणि गेला.

तासाभरानं फारुक दुकानात आले आणि टेबलावरची गाडी बघून थबकले. खोटं सांगायला अफरोजला जागा होती. पण वडील उद्याही त्याच माणसासाठी दुआ मागणार, हे त्याला सहन होईना. त्यानं सगळं सांगितलं.

फारुक स्टुलावर बसले. मोडक्या दाराजवळ त्यांनी बोट नेलं, लावलं मात्र नाही.

"बेटा, किती वेळ मिळाला असंल त्याला?"

"पापनी लवायला लागतो तेवढा."

"तेवढ्यात मानूस काय इचार करनार?"

"काहीच न्हाई, अब्बा."

"पन आठ महिने गप बसला, ते तर इचार करूनच ना?"

संध्याकाळी अफरोजनं हरिचंदला फोन लावला.

"अब्बाला सांगितलं."

"मी येऊ का? पाय धरतो त्यांचे."

"येऊ नको. सध्या त्याचं तोंड मला दाखवू नको, असं म्हनले."

"बरोबर हाय त्यांचं."

"उद्या पोलीस ठान्यात जाऊन जबाब दे. मी संगं येतो."

"तुमी कशाला?"

"एकटा गेलास तर दारातून परत येशील."

दुसऱ्या दिवशी दोघं सेनगावला गेले. जबाब घेताना हवालदार हरिचंदला दोनदा "मोठ्यानं बोला" म्हणाला. अफरोज बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होता, आणि मध्येच उठून जावं असं वाटूनही शेवटपर्यंत बसून राहिला.